गाडीचा सायलेन्सर बदलताना

या पानावर आम्ही एरवी सूत, कापड आणि उधारी यांच्याविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा असला तरी धंद्याबाहेरचा नाही. माल पोहोचविण्यासाठी ज्याच्या दारात एखादी लहान गाडी उभी आहे, अशा प्रत्येक व्यापाऱ्याला कधी ना कधी सायलेन्सर बदलावा लागतो. आणि तो सायलेन्सर बनविणारे, जोडणारे, वेल्डिंग करणारे व शेवटी भंगारात घेणारे पुष्कळसे हातही आपल्याच समाजातील आहेत. म्हणजे गिऱ्हाईकही आपण आणि कारागीरही आपणच. तेव्हा या सौद्यात काय दिले जाते व काय घेतले जाते, हे दोन्ही बाजूंना नीट माहीत असलेले बरे.

आमच्याकडे २०१८ सालची इको गाडी आहे, बीएस-४ मानकाची. दिवसभर मालेगावातल्या मालेगावात गोदाम ते दुकान, दुकान ते ट्रान्सपोर्ट असे तिचे फेरे होतात आणि अधूनमधून धुळ्याला जाणे होते. २०२३ च्या पावसाळ्यानंतर तिच्या सायलेन्सरचा मागचा डबा खालून सडला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी वाजू लागली. कंपनीच्या भागाची किंमत ऐकून आम्ही मागे सरलो व गाडी एका ओळखीच्या गॅरेजकडे पाठविली. गाडी घेऊन आमचा पुतण्या गेला होता. त्याला तेथे सांगण्यात आले, “छोटे सेठ, डबा तर नवीन टाकतोच, पण मधला कॅटही काढून सरळ पाइप बसवून देतो. इंजिन मोकळे होईल, पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल. जुन्या कॅटच्या बदल्यात मजुरी माफ.” पुतण्याने होकार दिला. आम्हाला कोणी विचारले नाही, पण विचारले असते तरी आम्हीही हो म्हटले असते, कारण कॅट म्हणजे काय हे त्या दिवशी आम्हालाही ठाऊक नव्हते.

पुढे महिनाभरात चार गोष्टी घडल्या. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटला तो विझेना. पेट्रोलचा खर्च कमी होण्याऐवजी वाढला. धुळ्याहून परतला की ड्रायव्हर डोके दुखते म्हणू लागला. आम्ही त्याला ऊन लागत असेल असे समजून टोपी घेऊन दिली. आणि शेवटी पीयूसी केंद्रावर गाडी नापास झाली. तेव्हा कुठे आम्ही ती दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, आम्हाला खाली उतरविले आणि बॅटरीच्या उजेडात एकेक भाग दाखविला. पुढील माहितीपैकी बरीचशी त्या दोन तासांत मिळालेली आहे.

पाइपामध्ये असते काय

इंजिनाच्या अंगाला लागूनच मॅनिफोल्ड असते. प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा जळका गॅस तेथे एकत्र येतो. त्यापुढे कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यापुढे पाइप, डबा आणि शेवटी शेपटी. कॅटच्या आधी व नंतर एकेक ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. पहिला सेन्सर गॅसमध्ये किती ऑक्सिजन शिल्लक आहे ते इंजिनाच्या संगणकाला सांगतो व त्यावरून पेट्रोल कमी-जास्त केले जाते. दुसरा सेन्सर केवळ कॅट आपले काम करतो की नाही यावर नजर ठेवतो. आमचा पिवळा दिवा या दुसऱ्या सेन्सरने पेटविला होता. कॅटच नव्हता, तर तो बिचारा काय सांगणार?

कॅटच्या आत मातीच्या भाजणीची, मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. गॅस या छिद्रांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे कार्बन डायऑक्साइड होते, न जळलेल्या पेट्रोलच्या वाफा जळून जातात आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मोडून साधा नायट्रोजन उरतो. हे सर्व वीट चांगली तापल्यावर, सुमारे २५० ते ३०० अंशांच्या पुढेच घडते. आपल्या देशात चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ च्या एप्रिलपासून कॅट सक्तीचा झाला. शिशामुळे वरचा थर निकामी होतो, म्हणून त्याबरोबरच तेथे शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० सालापासून ते देशभर लागू झाले.

आता मजुरी माफ का झाली, ते कळेल. २०२१ साली रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून अधिक वर गेला होता. त्याच सुमारास, २०२१ आणि २०२२ मध्ये, गुजरातेत आणि मुंबई-पुण्याकडे रात्री उभ्या असलेल्या इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जात असल्याच्या बातम्या वारंवार येत होत्या. गाडी जमिनीपासून उंच, खाली शिरायला सोपी, म्हणून चोरांचा डोळा तिच्यावर. आमच्या बाबतीत चोराला रात्री येण्याचीही गरज पडली नाही. आम्ही स्वतःच दिवसाढवळ्या कॅट हाती दिला आणि वर शुक्रियाही म्हटले.

पेट्रोल का वाढले, याचे कारण मात्र निराळे निघाले. काम करणाऱ्याने मॅनिफोल्डजवळचे जुने, दबलेले गॅसकेटच परत बसविले होते. तेथून गॅस बाहेर येत होता आणि दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जात होती. पहिल्या सेन्सरला ही हवा दिसली की तो समजे, इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे. मग संगणक आणखी पेट्रोल सोडी. वीस-पंचवीस रुपयांच्या वस्तूने आमचे किती पेट्रोल जाळले, याचा हिशेब आम्ही मुद्दामच केला नाही.

ड्रायव्हरच्या डोकेदुखीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. या गाडीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. गळणारा गॅस पायाखालून आत येत होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याला ऑक्सिजन चिकटतो, त्यालाच हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, मग गुंगी. आणि गुंगी येणारा माणूस स्टिअरिंगवर बसलेला असतो. काच बंद करून, एसी लावून उभ्या गाडीत झोपणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तो मुलगा आमच्या भरवशावर गाडी चालवीत होता आणि आम्ही त्याला टोपी देऊन मोकळे झालो होतो.

आवाज म्हणजे ताकद नव्हे

आपल्या मोहल्ल्यांतील तरुणांचा आता विचार करू. त्यांना सायलेन्सर सडला म्हणून बदलायचा नसतो, तर गाडी ‘वाजावी’ म्हणून बदलायचा असतो. कंपनीच्या डब्यात गॅसला दोन-तीन खणांतून, भोके पाडलेल्या नळ्यांतून वळणे घेत जावे लागते; त्यात आवाजाच्या लाटा एकमेकींना मारून टाकतात. बाजारातील ‘फ्री फ्लो’ डब्यात सरळ आरपार भोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळलेली असते. गॅसला अडथळा कमी होतो हे खरे. परंतु साध्या, कंपनीतून आलेल्या इंजिनाला तेवढ्याने हाती लागते ते थोडेच. आत येणारी हवा, पेट्रोलचे प्रमाण आणि इंजिनाची रचना तीच राहिली, तर केवळ मागचे दार रुंद करून घरात माणसे वाढत नाहीत.

उलट, पाइप फार रुंद घेतला तर नुकसानच होते. गॅस सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. नळी योग्य मापाची असेल तर पुढे गेलेला धक्का मागच्याला ओढून नेतो आणि सिलिंडर साफ रिकामा होतो. नळी रुंद झाली की गॅसचा वेग मंदावतो, ही ओढ राहत नाही आणि कमी रेसवर गाडी मरगळते. शर्यतीच्या गाडीचे इंजिन सदैव वरच्या रेसवर फिरते, तिला ते चालते. गठ्ठे लादून चढावावर दुसऱ्या गिअरमध्ये चाललेल्या आपल्या गाडीला जोर खालच्या रेसवरच हवा असतो. तिला रुंद पाइप बसविणे म्हणजे लग्नाचा शेरवानी घालून मागावर बसणे होय.

शिवाय ती काचेची लोकर काही काळाने जळते, उडते, पाणी पिते. मग पहिल्या महिन्यातील गोड घुमारा जाऊन पत्र्याचा कर्कश आवाज उरतो. मशीद, शाळा, दवाखाना काहीही न पाहता पहाटे रेस देत जाणाऱ्या गाड्यांविषयी आमचे मत आम्ही येथे लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत.

सायलेन्सर आतून का सडतो

हा मुद्दा व्यापाऱ्यांच्या विशेष कामाचा आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. पाइप तापलेला असेल तर ते वाफ होऊन निघून जाते. परंतु गोदाम ते दुकान अशा दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मागचा डबा पुरता तापतच नाही. पाणी आत जमते, त्यात गॅसमधील आम्ले मिसळतात आणि डबा आतून खायला सुरुवात होते. बाहेरून रंग शाबूत असतो आणि एके दिवशी बूड गळून पडते. म्हणूनच रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या गाडीचा सायलेन्सर टिकतो आणि गावातच फिरणाऱ्या आमच्या गाडीचा सडतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी गाडीला अर्धा तास सलग रस्त्यावर पळविले तर बराच फरक पडतो. अनेक डब्यांना खाली पाणी निघण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. ‘लीक आहे’ म्हणून ते वेल्डिंगने बुजविणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत.

यासाठीच डब्याचा पत्रा कोणता, हे विचारावे. साधे लोखंड सर्वांत स्वस्त व सर्वांत आधी जाणारे. त्यावर ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा त्याहून बरा. स्टेनलेसमध्ये मोटार कंपन्या बहुधा ४०९ ग्रेड वापरतात. त्यात क्रोमियम सुमारे ११ टक्के असते. वरून तांबूस डाग पडतात, पण आरपार लवकर सडत नाही. ३०४ ग्रेड त्याहून सरस व महाग.

येथे लोहचुंबकाची परीक्षा फसवी आहे. पुष्कळजण चुंबक लावतात, चिकटला तर ‘लोखंड’ व न चिकटला तर ‘अस्सल ३०४’ असा निकाल देतात. ४०९ हे स्टेनलेस असूनही त्याला चुंबक चिकटतो. आणि स्वस्त भांड्यांत वापरले जाणारे २०२ ग्रेड ३०४ नसूनही त्याला चुंबक चिकटत नाही. म्हणजे चुंबक न चिकटणारा प्रत्येक पाइप ३०४ च्या भावाने घेणारा फसतो. स्टीलच्या बाजारात ग्रेड ओळखण्याचे द्रव मिळते, एक थेंब टाकला की २०२ व ३०४ यांचा रंग वेगळा उठतो. ज्याच्याकडे स्टेनलेसचे काम नेहमी असते, त्या कारागिराने ही बाटली दुकानात ठेवावी व गिऱ्हाइकासमोर वापरावी. कापडात आम्ही धागा जाळून टेरिकॉट की सुती ते दाखवितो, तसेच हे आहे.

जाडीही विचारावी. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १.२. वळण कसे दिले आहे तेही पाहावे. आत सळई घालून वाकविलेला पाइप वळणावरही गोल राहतो. नुसता दाबून वाकविलेला वळणावर चेपतो आणि तेथे गॅसची वाट अरुंद होते. मग पाइप सव्वाच्या जागी दीड इंची घेऊन उपयोग काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सायलेन्सरचा डबा हा असाच ढीग आहे, आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. आमच्या मिस्त्रींनी दुकानात दोन जुने डबे उभे कापून ठेवले आहेत, एक कंपनीचा व एक बाजारचा. बाजारच्या डब्यात खणच नाहीत, मधोमध एक नळी व भोवती रिकामी जागा. ‘पाहा आणि मग बोला,’ एवढेच ते गिऱ्हाइकाला सांगतात. हीच गोष्ट बाजारच्या कॅटची. त्यात मौल्यवान धातू कमी असतो म्हणून तो स्वस्त असतो, आणि काही डब्यांत तर विटेऐवजी नुसती जाळी भरलेली आढळते. सेन्सरच्या भोकातून उजेड टाकून पोळे दिसते का ते पाहावे, आपल्याच मॉडेलचा भाग आहे ना ते तपासावे, आणि बिलावर त्याचे नाव लिहून घ्यावे. बिल न देणाऱ्याकडून कॅट घेऊ नये. तो कोणाच्या गाडीखालून आला, हे आपल्याला सांगता येणार नाही.

आणखी एक. कॅट आपोआप मरत नाही. प्लग किंवा कॉइल बिघडून न जळलेले पेट्रोल आत गेले तर ते तेथे पेटते व वीट वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर थर झाकला जातो. ते दुरुस्त न करता नवा कॅट बसविला तर तोही जाईल.

बसविताना

आमच्या अनुभवाने, माल चांगला असूनही बसविणे वाईट असेल तर सर्व पैसे वाया. प्रत्येक जोडाचे गॅसकेट नवे घालावे. रबराचे टांगते हँगर सडले असतील तर तेही बदलावेत. इंजिन हलते, पाइपालाही हलायला जागा लागते, ताणून आवळलेला पाइप वेल्डिंगजवळ चिरतो. पेट्रोलच्या नळीपासून पाइप किमान ३५ मिलिमीटर दूर असावा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. उष्णता अडविणारे पत्रे ‘खडखडतात’ म्हणून काढून फेकू नयेत. गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीची वायर सोडावी, नाहीतर संगणकाला इजा होऊ शकते.

वेल्डर भावांसाठी दोन शब्द. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप सायलेन्सरसाठी वापरू नये. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, त्याने रात्री थंडी-ताप भरतो, अंग दुखते. आणि जुना कॅट हातोड्याने फोडून पावडर काढणाऱ्या भंगारवाल्यांनी तोंड झाकावे. त्या विटेची आणि तिच्याभोवतीच्या तंतूंची धूळ फुप्फुसांत जाऊन बसते.

काम झाल्यावर थंड गाडी उघड्यावर सुरू करून एकाने शेपटीवर जाड ओले फडके क्षणभर धरावे. कोठे गळत असेल तर तेथे सूं आवाज येतो. काही दिवसांनी जोडांवर काळी काजळी दिसली, तर तेथे गळते असे समजावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल केल्यास कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज व धुराची मानके मोडून गाडी चालविल्यास कलम १९०(२) प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. रस्त्यावर तडजोडीने घेतली जाणारी रक्कम राज्य सरकार ठरविते, ती वेगळी असू शकते. लक्षात घ्यावे, पहिल्या कलमात नाव मालकाचे आहे. मिस्त्रीने सांगितले म्हणून केले, हे उत्तर चालत नाही. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी त्यांच्यावर रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे अनेक शहरांतून आलेली आहेत. त्याखाली चिरडलेले पैसे कोणाच्या वडिलांचे होते, ते छायाचित्रात दिसत नाही.

बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत, इंजिन जागेवर चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कॅट काढलेली गाडी येथे टिकणे कठीण. दुसऱ्या सेन्सरखाली लांब नट बसवून त्याला फसविण्याची युक्ती काही गॅरेजवाले सांगतात. त्याने पिवळा दिवा विझेल, पण शेपटीतून निघणारा धूर तोच राहील.

शेवटी आम्ही काय केले, तेही सांगतो. कॅट कंपनीचाच नवा घेतला, कारण तेथे बाजारी मालावर आमचा विश्वास बसला नाही. मागचा डबा व पाइप मात्र बाहेरूनच बनवून घेतला. मूळच्याच मापाचा, ४०९ चा, १६ गेज, आत कंपनीसारखे खण, खाली पाण्यासाठी छिद्र. कंपनीच्या तेवढ्याच भागापेक्षा तो निम्म्या पैशांत झाला आणि मिस्त्रींनी बिलावर ग्रेड व गेज दोन्ही लिहून दिले. पिवळा दिवा विझला, पीयूसी मिळाली, ॲव्हरेज पूर्वीवर आले. कॅटखाली लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा लावून घेतला आहे, म्हणजे कोणी रात्री खाली शिरलाच तर त्याला वेळ लागेल. ड्रायव्हरचे डोके आता दुखत नाही. टोपी मात्र तो अजून घालतो.